टेबलावरचा फोटॉन

रावसाहेब मोहित्यांच्या कॉलेजात नोकरी मागायला येणाऱ्याला आधी दाराबाहेर आणि मग टेबलासमोर ताटकळत उभं राहावं लागे. समोर खुर्ची असे, पण या संस्थाध्यक्षांच्या तोंडून "बसा" हा शब्द कुणी ऐकला नव्हता. भौतिकशास्त्र शिकवायला आलेल्या वृंदा तेरदाळकरचेही पाय भरून आले होते.

"फोटॉन म्हणजे काय हो?" रावसाहेबांनी विचारलं.

"प्रकाशाचा कण, साहेब."

"कण ना? मग एक या टेबलावर आणून ठेवा. नोकरी तुमची!" बाजूला बसलेले सदस्य खो खो हसले.

वृंदाने शांतपणे दिवा बंद करून पडदे ओढले. खोलीत मिट्ट काळोख झाला. मग तिने एक पडदा जरासा सरकवला. "आता टेबल दिसतंय, साहेब?"

"दिसतंय की!"

"म्हणजे फोटॉन टेबलावर येऊन तुमच्या डोळ्यांत पोचलेसुद्धा. पण मांडून ठेवता येणार नाहीत. फोटॉन थांबला की संपला. तुमच्यासमोर ताटकळत उभा न राहणारा जगात तेवढा एकच आहे."

रावसाहेबांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बसा, मॅडम," ते म्हणाले. "कधीपासून येताय?"