तिवईवर बसलेली

‘‘...पण मग तिनं सोडून का दिलं नाही, बाबा? निघून जाता आलं असतं तिला.’’

मठातले गोविंदगिरी बाबा चुलीपुढे बसून पेज ढवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

‘‘कुणी? नीट पहिल्यापासून सांग.’’

विद्याधर भिंतीशी घोंगडीवर बसला होता. समुद्राचा अभ्यास करणारा नावाजलेला माणूस, पण दाढी वाढलेली, ओठ सुकलेले. खाडीवरच्या या मठात आल्यापासून त्याने पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. आणि कुणी विचारायच्या आत तो ते सांगतही होता.

‘‘खोल समुद्राच्या तळावर आमचं एक यंत्र असतं. धातूची मोठी तिवईच म्हणा. अधूनमधून जहाज घेऊन जायचं, वरून आवाजाचा इशारा द्यायचा. इशारा मिळाला की तिवई खालची वजनं टाकते आणि आपोआप वर येते. बॅटऱ्या बदलायच्या, साफसफाई करायची, परत खाली सोडायची.’’

‘‘बरं.’’

‘‘या खेपेला इशारा देण्याआधी आम्ही कॅमेरा खाली सोडला. तिवईवर ऑक्टोपसची एक मादी बसली होती. अंड्यांवर. तिथं सगळा चिखल, अंडी चिकटवायला टणक जागा तेवढीच. मागच्या फेरीलाही तीच होती तिथं. डोळ्यापाशी तोच व्रण.’’

‘‘तेव्हापासून बसलेली?’’

‘‘जागची हलली नव्हती. अंडी राखत असते तोवर ती काही खात नाही, बाबा. आमच्यासमोर एक खेकडा अगदी तिच्या तोंडाशी आला. तिनं त्याला नुसतं बाजूला सारलं. अंगाची कातडी लोंबत होती तिच्या.’’

बाबांच्या हातातली पळी थांबली.

‘‘हे सगळं बघून तू इशारा दिलास.’’

‘‘दिला. हवा बिघडत होती आणि...’’

विद्याधर हळूच म्हणाला,

‘‘नाही. हवा चांगली होती. मला घरी परतायची घाई होती.’’

...

‘‘मला वाटलं,’’ तो पुढे सांगू लागला, ‘‘तिवई हलली की ती निघून जाईल. बाकीचे जीव वाटेत गळून गेले. ती वरपर्यंत आली. डेकवर घेतली तेव्हाही तिचे हात अंड्यांभोवती होते. आणि वर आलेली तिवई वाळायच्या आत खरवडून काढायची, ही आमची जहाजावरची शिस्त. खरवडणी माझ्याच हातात होती.’’

त्याने तळहात उलटेसुलटे करून पाहिले. हे त्याने बायकोला सांगितलं होतं, मित्रांना सांगितलं होतं. सगळे म्हणाले, तुला कुठं माहीत होतं. पण माहीत होतं, हेच तर त्याचं दुखणं होतं. डोळे मिटले की तो लोंबणारा देह दिसायचा.

‘‘म्हणून अन्न सोडलंय,’’ तो म्हणाला. ‘‘तिनं सोडलं होतं तसं. तुम्ही पुरे म्हणाल तेव्हा उठेन.’’

हे म्हणताना त्याची पाठ जराशी ताठ झाली.

बाबांनी वाडग्यात पेज वाढून घेतली. मिठाचा खडा टाकला. एक घोट घेतला.

‘‘असं यंत्र एकच आहे तुमचं?’’

‘‘दोन. दुसरं तिथून थोडं पुढे आहे.’’

‘‘त्याच्यावर कुणी?’’

विद्याधरने घोंगडीची कड सरळ केली.

‘‘आहे. एक बसलीय. त्याच दिवशी कॅमेऱ्यात दिसली.’’

‘‘ते कधी वर काढणार?’’

‘‘जहाज या सोमवारी निघतंय.’’

‘‘न काढून चालणार नाही?’’

‘‘तसं चालेल. त्याच्या बॅटऱ्या नव्या आहेत, वर्षभर काही होत नाही. पण वेळापत्रकात आहे म्हणून काढतील.’’

‘‘कुणी थांबवू शकतं?’’

‘‘प्रमुख मीच आहे. मी म्हटलं तर थांबेल.’’

‘‘मग?’’

‘‘मी ते काम सोडलं, बाबा. मनानं तरी सोडलंच. या हातांनी आता समुद्रातल्या कशालाही शिवायचं नाही, असं ठरवलंय. तिकडून फोन येत होते, म्हणून फोनही बंद करून ठेवला. इथं निदान शांतपणे प्रायश्चित्त तरी...’’

बाबांनी वाडगा खाली ठेवला.

गुडघ्यावर हात देऊन ते उठले, विद्याधरपाशी आले आणि वाकले. त्यांनी त्याच्या घोंगडीचा कोपरा उचलला. खाली हात घालून सारवलेली जमीन चाचपू लागले.

विद्याधर ओशाळून थोडा सरकला. बाबांनी तिथेही चाचपलं.

‘‘बाबा, काय हरवलंय?’’

‘‘काही नाही...’’

त्यांचा हात घोंगडीखाली आणखी आत गेला.

‘‘ती उपाशी बसली होती, तेव्हा तिच्याखाली अंडी होती म्हणालास. तुझ्याखाली काय आहे, ते बघतोय.’’