तेराव्या महिन्याचा रिचार्ज

लग्न होऊन जालन्याला आल्यापासून हेमांगीला एकच ध्यास होता, आईला डोळ्यांनी बघायचं. माहेर लांब औशाला, आणि घरात बटणांचा फोन. त्यातून आईचा आवाज यायचा, चेहरा नाही. शेवटी नवऱ्याने स्मार्टफोन आणून दिला, तशी ती रिचार्जसाठी पोपटशेठच्या दुकानात गेली.

पोपटशेठचा आवाज असा चढा, की ते बोलले की गिऱ्हाईक दचकायचं. "हा घे महिन्याचा प्लॅन! डोळे मिटून घे!"

हेमांगीही दचकली, पण डोळे उघडे ठेवून तिने फलक वाचला. "काका, हे तर अठ्ठावीसच दिवस. पुढे आई दिसायची बंद होईल ना?"

"आमचा महिना अठ्ठावीसचाच!" शेठ गरजले. "अगं, तू मला लेकीसारखी. लेकीला कुणी फसवतं का?"

दुकानातली माणसं हसली. हेमांगीचे कान तापले.

"मग काका, तुमच्या वर्षात महिने झाले तेरा. तेरावा म्हणजे अधिक महिना, धोंड्याचा! धोंड्याला बाप लेक-जावयाला वाण देतो. तेव्हा त्या महिन्याचा रिचार्ज माहेरचा, बरं का!"

आता हसू शेठवर उलटलं. भर दुकानात लेक तर त्यांनीच म्हटलं होतं! "दिला बाई, दिला," ते पुटपुटले.

पहिल्या महिन्याचे पैसे देऊन बाहेर येताच तिने भावाला व्हिडिओ कॉल लावला. त्याने फोन आईसमोर धरला. आईचा चेहरा जरा सुकलेला वाटला.

"जेवलीस का गं?" आईने विचारलं.

"तू जेवलीस का, ते आधी सांग," भर दुकानात शेठला हरवून आलेली हेमांगी म्हणाली, आणि आईचा चेहरा नीट दिसावा म्हणून तिने फोन डोळ्यांजवळ नेला.