पेंढ्यातली बाजरी

फार वर्षांमागे एका कासाराच्या घरी पिंजऱ्यात भुरका आणि कापशी हे पांढऱ्या उंदरांचं जोडपं राहत असे. वाटी सदा भरलेली. भुरका खायचा नि झोपायचा; पुढे पुढे त्याचं खाणंही सुटलं. कापशी घाबरली. तिने वाटीतली सगळी बाजरी पिंजऱ्यातल्या पेंढ्यात खुपसून ठेवली.

"अगं, वाटी रिकामी कशी?" भुरका ओरडला.

"पेंढ्यात आहे. शोधा नि खा."

"आजारी नवऱ्याला राबवतेस?"

कापशीला वाईट वाटलं, पण ती जागची हलली नाही.

कुरकुरत भुरका उठला, हुंगू लागला, उकरू लागला. पहिला दाणा सापडताच त्याचे कान ताठ झाले. संध्याकाळपर्यंत त्याने सगळा पेंढा उलटापालटा केला. मग धापा टाकत तो कापशीजवळ आला.

"थोडी तुझ्यासाठी लपवलीय," तो म्हणाला. "कुठे, ते मात्र सांगणार नाही."