मारुतीच्या चार पायऱ्या

घराच्या उताऱ्यावर बायकोचंही नाव लागावं म्हणून लाल झेंड्याच्या शेवंताताई गावोगाव भांडत होत्या. हा ठराव येणार म्हटल्यावर सरपंच सर्जेरावांनी ग्रामसभाच मारुतीच्या देवळात भरवली, कारण तिथे बायकांना मज्जाव होता.

ताई गावातल्या बायका घेऊन पायरीशी आल्या, तेव्हा सर्जेराव मिशीत हसले. "ताई, तुम्ही देव मानत नाही. पण आमच्या मारुतीला बाईमाणूस चालत नाही."

"मी मानत नाही, तुम्ही मानता ना? मग तो लंकेला कोणासाठी गेला होता?"

"सीतामाईसाठी," पुजारीच बोलून गेला.

"एका बाईच्या सुटकेसाठी ज्यानं समुद्र ओलांडला, तो आम्हाला चार पायऱ्या चढू देणार नाही?"

ताईंनी पाऊल टाकलं. मागोमाग सगळ्या चढल्या. ठराव मारुतीसमोरच मंजूर झाला.