बंद दाराआडचा अर्धा तास

एका मोठ्या रुग्णालयात एकदा एक तरुण डॉक्टर वैद्यकीय नीतिशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी दाखल झाला. तो हुशार होता, आणि हे त्याला ठाऊकही होते. 'स्वायत्तता', 'संमती' हे शब्द त्याच्या जिभेवर इतके रुळले होते की कॅन्टीनमध्ये न विचारता वड्यावर चटणी घातली, तरी तो वाढणाऱ्याला चार वाक्ये ऐकवी.

त्याचे गुरू वृद्ध होते. आपले मूत्रपिंड आप्ताला देऊ इच्छिणाऱ्यांशी बोलून त्यांची संमती पारखणे, हे त्यांचे काम. त्यांची एक रीत मात्र शिष्याला कोड्यात टाकी. दात्याला ते एकट्यालाच आत घेत, दार लावत आणि पुरता अर्धा तास झाल्याखेरीज ते उघडत नसत. शिकण्यासाठी म्हणून शिष्य तेवढा कोपऱ्यात बसे.

एके सकाळी एक आई आली. बसायच्या आतच म्हणाली, "माझ्या लेकाला किडनी द्यायचीय. दोन्ही घ्या म्हणालात तरी देईन!"

"एकच पुरते, मावशी. बसा."

बोलणे तिथेच संपले होते. तरी गुरूंनी चहा मागवला. मग कैरीच्या लोणच्यात मोहरी किती घालावी, यावर दोघांचे गंभीर मतभेद झाले. बाहेर रांग ताटकळत होती. आई गेल्यावर शिष्याला राहवेना.

"सर, त्यांचा होकार तर दारातच मिळाला होता. उद्यापासून निवडायला गवार आणू का?"

"आण. पण कोवळी बघून आण," गुरू म्हणाले, आणि त्यांनी पुढचे नाव पुकारले.

पुढची दात्री होती वृषाली. लग्नाला वर्षही न झालेली. तिचा नवरा डायलिसिसवर होता. बहुतेक तपासण्या जुळल्या होत्या. तिला दारापर्यंत पोहोचवायला सासूबाई आणि थोरले दीर आले होते.

"आमचा थोरला कमावता, त्याला कसं पाठवायचं?" सासूबाई म्हणाल्या. "आणि वृषाली तयारच आहे. ती कशालाच नाही म्हणत नाही."

"हो," वृषाली म्हणाली.

शिष्याने मनात नोंदवले, संमती स्पष्ट.

दार लागले. चहा आला. बराच वेळ ती कपाकडेच बघत राहिली. गुरूंनीही काही विचारले नाही. मग ती हळूच म्हणाली, "नाही म्हटलेलं चालतं का?"

"चालतं."

"त्यांचं वाईट व्हायला नकोय मला, शपथेवर सांगते. पण ऑपरेशनच्या विचाराने रात्र रात्र डोळा लागत नाही. चहात साखर किती हवी, हे त्या घरात मला अजून कुणी विचारलेलं नाही. किडनीचं मात्र सगळ्यांनी विचारलं. विचारलं म्हणजे, सांगितलंच."

"मग नाही."

"आणि घरी कळलं तर? मला तिथेच राहायचंय हो."

"तू काही बोलायचं नाहीस. ते माझं काम."

ती घाईने उठली. "बस," गुरू म्हणाले, "अजून वेळ आहे." उरलेल्या वेळात त्यांनी तिच्या गावचे रस्ते, शाळा, बाजार सगळे विचारून घेतले. अर्धा तास झाला तेव्हा तिचे डोळे कोरडे झाले होते.

"यांची किडनी घेता येणार नाही," गुरूंनी बाहेर येऊन सांगितले.

"अगंबाई! काय निघालं हिच्यात?"

"कारण आम्ही कुणालाच सांगत नाही."

"अहो, मी सासू आहे तिची!"

"सगळ्यांच्याच सासूबाईंना मी हेच सांगतो."

मग सासूबाईंनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "तुला काही होत तर नाही ना गं?" इतका वेळ भिंतीवरच्या सूचना वाचत असलेले दीर घसा खाकरून म्हणाले, "माझं... तपासून बघायचं का?"

ती मंडळी गेल्यावर शिष्य बराच वेळ अस्वस्थ होता. "सर, पण रुग्णाचं काय? त्याचा तर जीव अडकलाय."

"त्याच्यासाठी आपण उद्याही धडपडू, परवाही. पण गरज कितीही खरी असली, तरी तिच्यामुळे दुसऱ्याच्या देहावर हक्क मिळत नाही."

"आणि सकाळच्या मावशी? त्यांना उगाच बसवलंत ना?"

"उगाच नाही. त्या वृषालीसाठी बसल्या होत्या," गुरू म्हणाले. "राजीखुशी आलेल्यांना मी पाच मिनिटांत सोडलं असतं, तर जिच्यासाठी दार उशिरा उघडेल, तिचा नकार बाहेरच्यांना घड्याळातच वाचता आला असता. ज्यांना काही सांगायचं नसतं, त्यांच्या बसण्यानेच सांगणाऱ्याला आडोसा मिळतो. नाकारण्याचं कारण कुणाचंच सांगायचं नाही, तेही याचसाठी. आणि मावशींचा होकार आज मी निर्धास्तपणे मान्य केला. का? नकाराची वाट त्यांच्यापुढेही तितकीच मोकळी होती. त्या वाटेकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही."

'संमती स्पष्ट' असे आपण मनाशी म्हटले, तेव्हा सासूबाई तिच्या शेजारीच उभ्या होत्या, हे शिष्याला आत्ता दिसले.

आपल्याकडचे बहुतेक होकार भरल्या दिवाणखान्यात, सगळ्यांच्या देखत घेतले जातात. एखादा तरी दार लावून, निवांत विचारून पाहावा.