वेशीवरची हाळी

एका राज्यात एक अजब रीत होती. नगराच्या वेशीवर बुरूज, बुरुजावर पहारेकरी, आणि बाहेरून कोणी आले की पहारेकऱ्याने हाळी द्यायची, “सावकार आला!” नाहीतर, “गोसावी आला!” ती हाळी पहिल्या आळीने दुसरीला द्यायची, दुसरीने तिसरीला. पाहुणा चौकात पोहोचेपर्यंत तो कोण, हे साऱ्या नगराला पाठ झालेले असे. या रीतीचा लोकांना मोठा अभिमान. डोळ्यांना कष्ट नाहीत, आणि डोक्याला तर मुळीच नाहीत.

राजाचे नाव सुकेतू. त्याला दोन लेकरे, थोरली मंदारवती आणि धाकटा प्रसेन. प्रसेन घोड्यावर बसून रानात गेला, तो परतलाच नाही. रिकाम्या खोगिराचा घोडा तेवढा परत आला. दुसऱ्या सकाळी बुरुजावरून सोमाजी पहारेकऱ्याने हाळी दिली, “वाघ आला!” आणि खरोखरच वाघ आला. पिवळाधमक, पट्टेदार, हंड्याएवढ्या डोक्याचा. तो कोणावर धावला नाही, कोणाला ओरबाडले नाही, सरळ राजवाड्याच्या पायऱ्या चढू लागला. याचे कोणालाच नवल वाटले नाही. लोकांनी जाळी टाकली, वाघाला चौकातल्या पिंजऱ्यात कोंडले, आणि यानेच राजपुत्र खाल्ला असे ठरवून टाकले. राजाने तीन दिवस अन्न घेतले नाही. मग तो म्हणाला, “लेकाच्या तेराव्याला या वाघाला मी माझ्या हाताने बाण मारीन.”

मंदारवती खिडकीत रडत बसली होती. गजावर एक कोतवाल पक्षी येऊन बसला, काळाकुळकुळीत, दुभंगल्या शेपटीचा.

“राजकन्ये,” पक्षी म्हणाला, “पिंजऱ्यात वाघ नाही. तुझा भाऊ आहे. आम्हा पाखरांना तुमची हाळी कळत नाही, म्हणून आम्हाला तो दिसतो.”

“मग मला वाघ का दिसतो?”

“ते रानातल्या तुंगा चेटकिणीला विचार. वाटेत तीन कामं करावी लागतील. काळतळ्याचं पाणी पोटभर पी. घारमाळ न बसता ओलांड. आणि चेटकिणीकडे डोळे भरून पाहा.”

राजाला हे पटले नाही. पण एक लेकरू गेलेले, दुसऱ्याला नाही कसे म्हणणार? त्याने तेराव्याच्या सूर्यास्तापर्यंत मुदत दिली. सूर्य बुडाला की बाण सुटणार होता.

मंदारवती निघाली, पक्षी पुढे उडू लागला. काळतळ्याच्या काठी तहानलेले वाटसरू बसले होते. हे पाणी जहर कडू आहे, असे ते एकमेकांना सांगत होते. मंदारवतीने ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकली. कडुनिंबासारखे कडू! तिने काही सोंग केले नव्हते, तिच्या जिभेलाच तसे लागले. पक्षी म्हणाला, “कसं लागतं ते विचारू नकोस. गार किती आहे ते बघ. वास कसला येतो ते बघ.” तिने डोळे मिटले. पाणी दातांना कळ लागण्याइतके गार होते. त्याला कमळाच्या देठाचा वास होता. एक वाळूचा कण दाताखाली आला. असे बघत बघत ती पीत राहिली, आणि तहान भागली तेव्हा कडूपणा केव्हा गेला हे तिला सांगता आले नसते. वाटसरू मात्र तिच्याकडे कीव करून पाहत होते. बिचारी आता मरणार, दुसरे काय?

घारमाळावर येणारे-जाणारे सारे उकिडवे बसून सरकत चालले होते. वरून थोरल्या घारीची सावली फिरे, आणि सावली आली की सगळे डोके झाकून घेत. मंदारवतीवर सावली पडली तशी तीही मटकन बसली. पक्षी खुदकन हसला. “आभाळ भरून आलंय, राजकन्ये. ऊनच नाही, मग सावली कुठली?” तिने वर पाहिले. खरेच, ऊन नव्हते. तरी सावली दिसायची काही थांबली नाही. मंदारवती उठली, आणि ती सावली अंगावरून जाऊ देत माळ उभ्याने ओलांडून गेली.

रानाच्या पोटात एक झोपडी होती. दारात तुंगा चेटकीण बसली होती. सुळे ओठांबाहेर, डोळे निखाऱ्यांसारखे, पावले उलटी. मंदारवतीला पळून जावेसे वाटले. पण भावाचा जीव टांगणीला लागलेला. ती समोर बसली, आणि तळ्याकाठी केले तेच तिने केले. चेटकिणीच्या बोटांना हिरवा रस लागला होता. लुगड्याला वेखंडाचा वास होता. पदराला ठिगळ होते, आणि ते फार नीट लावलेले होते. बघता बघता सुळे कुठे गेले कोणास ठाऊक. बोळक्या तोंडाची एक म्हातारी तिच्यासमोर बसली होती.

“आजी,” मंदारवती म्हणाली, “तुम्ही तर वैदीण आहात.”

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, “तरुणपणी तुमच्या नगरात औषधं विकायला आले होते, पोरी. केस मोकळे, हातात मुळ्या. तेव्हाच्या पहारेकऱ्यानं हाळी दिली, चेटकीण आली. चौकात पोहोचले तर लोकांच्या हातात दगड. पळाले, ओढ्यावर पाणी प्यायला वाकले, तर मलाही माझे सुळे दिसले. मग मंत्रही शिकले. चेटकीण तर चेटकीण.”

“माझ्या भावावर कोणता मंत्र घातलात?”

“त्याच्यावर? काहीच नाही. घोड्यावरून पडला, आणि पायीच घरी निघाला. सोमाजीचे डोळे आले होते, त्याला अंजन पाठवलं. एका माणसाला एका सकाळी वाघ दिसला, एवढंच माझं. बाकीचं तुम्ही केलंत. राजपुत्राच्या बाबतीत तरी कोणी नीट बघतं का, ते मला पाहायचं होतं.”

मंदारवती संतापली. आणि मग तिला लाज वाटली, कारण तिच्या डोळ्यांत तर कोणीच अंजन घातले नव्हते. तिने उतारा मागितला. म्हातारी म्हणाली, “ज्याला काही केलंच नाही, त्याला उतारा कसला?”

मंदारवती चौकात पोहोचली तेव्हा सूर्य टेकला होता आणि राजाने धनुष्य उचलले होते. तिने पिंजऱ्यात पाहिले. वाघ! सगळे कळूनही वाघच. त्याने डरकाळी फोडली. तरी ती बाणासमोर उभी राहिली.

“बाबा, एकच मागते. एकेकानं पिंजऱ्यापाशी यावं. आत कोण आहे ते सांगू नये. दिसेल ती एक बारीकशी गोष्ट माझ्या कानात सांगावी.”

राजाने धनुष्य खाली केले. कुंभारीण आली आणि कानात म्हणाली, पाणी ओंजळीने पितो. न्हावी म्हणाला, मानेवरचे केस वाढलेत, कापायला झालेत. सोमाजी म्हणाला, पायात काटा रुतलाय, बोटांनी काढू बघतोय. आपण काय बोललो याचा कोणालाच पत्ता नव्हता. शेवटी राजा आला. तो गजांपाशी वाकून आत पाहू लागला.

“रडताना हा मनगटानं नाक पुसतो,” तो पुटपुटला, आणि त्याच्या हातून धनुष्य गळून पडले.

मग मंदारवतीने साऱ्यांचे बोलणे मोठ्याने सांगितले. ओंजळ म्हणताच पंजे गेले, मान म्हणताच आयाळीसारखा झुबका गेला, आणि एकेक पट्टा विरत गेला. पिंजऱ्यात फाटक्या अंगरख्याचा एक वाळलेला तरुण होता. तेरा दिवस तो सर्वांच्या नावाने हाका मारत होता, आणि लोक कानांवर हात ठेवून जात होते. सारा चौक खाली मान घालून उभा राहिला.

सोमाजीने राजाचे पाय धरले. राजाने त्याला शिक्षा केली नाही, हाळी तेवढी बदलली. तेव्हापासून वेशीवरून एवढेच सांगतात, “कोणी तरी आलं आहे, येऊन पाहा.” पुढे याच हाळीने तुंगा वैदीण आपली टोपली घेऊन नगरात आली.

पण प्रसेन काही पिंजऱ्यातून बाहेर येईना. दार सताड उघडे, आणि तो कोपऱ्यात हातापायांवर बसलेला. बहिणीने हाक मारली तर त्याने गुरगुर केली. इतक्या लोकांनी इतके दिवस सांगितल्यावर त्यालाही आपल्या हातांवर पट्टे दिसू लागले होते.

राजा आत गेला आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसला. दहीभाताचे ताट मागवून त्याने स्वतः घास भरवला.

“तू कोण आहेस ते मी सांगणार नाही,” राजा म्हणाला. “एवढंच सांग, घास कसा लागला?”

प्रसेन चावत राहिला. बाहेर शेकडो ओठ शिवशिवत होते, पण सांगायला कोणीच धजले नाही. त्याने घास गिळला, ताटाकडे पाहिले, आपल्या बोटांना लागलेल्या शितांकडे पाहिले.

“आळणी आहे,” तो म्हणाला. “बाबा, मीठ कुठे आहे?”

राजाला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. अर्धे नगर मीठ आणायला धावले. त्यांच्या ताटात मीठ पडले आणि आपली गोष्ट संपली.