वैकुंठपटात नसलेली ओळ

एका राज्यात आजारपणाचे नाव काढायला बंदी होती. तिथल्या नद्या राजाने सांगितले की थांबत, डोंगर सांगितले की बाजूला सरत, म्हणून राजा वज्रसेनाला वाटे की दुखणेसुद्धा वेशीवर उभे राहून आपली परवानगी मागेल. मरणाची तयारी मात्र त्याने थाटात केली होती. समाधीला कळस किती, पुतळा किती उंच, खजिन्याची राखण पुढे मायावी बलाहकाकडे, असे सारे त्याने एका ताम्रपटावर कोरून घेतले होते. त्याला म्हणायचे वैकुंठपट! मधल्या दिवसांबद्दल त्यात एक ओळ नव्हती. हातपाय गेले, वाचा गेली, तर औषध ठरवायचे कुणी आणि भरवायचे कुणी, असे विचारणाऱ्याला "अशुभ बोलू नकोस" म्हणून दरबाराबाहेर काढत.

एके सकाळी बलाहकाने मंत्र टाकला आणि राजा मानेपर्यंत दगड झाला. डोळे हलत, घास दिला तर गिळे, पण तोंडातून शब्द नाही. त्याची लेक शशिरेखा धावली. तिने त्याला पेज भरवली, ओघळ पुसला आणि खजिन्याकडे गेली, कारण दगड विरघळवणारा मध तिथे होता. दारावर शंखफणी नावाचा नाग होता.

"दार उघड," ती म्हणाली.

"कुणाच्या आज्ञेने?" नाग म्हणाला. "राजा बोलत नाही. वैकुंठपट वाचावा, तर राजा जिवंत आहे."

"जिवंत आहे, म्हणूनच मध हवा आहे!"

"राजकन्ये, तशी ओळ कुठेही कोरलेली नाही."

इकडे बलाहकाने दरबारात सांगून टाकले, "महाराज माझ्या स्वप्नात येऊन बोलतात. त्यांना वैद्य नकोत. त्यांना पेजही नको." आणि ते दरबारी! ज्यांची लग्नकार्ये राजाच्या पैशाने झाली, त्यांनी एका सुरात मान डोलावली. समोर माणूस भुकेने टकमक बघतो आहे आणि हे त्याच्या समाधीच्या कळसाला रंग कोणता द्यायचा ते बोलत बसले. शशिरेखा चोरून पेज भरवत राहिली, पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती पुन्हा नागाकडे गेली.

"तीन गोष्टी आण," नाग म्हणाला. "घटकाभर वाचा परत देणारे पाणी. बोलले तेच धरून ठेवणारे पान. आणि असा साक्षीदार, ज्याला राजाच्या जगण्यातून काही मिळत नाही नि मरण्यातूनही नाही. त्यांच्यासमोर राजा ज्याला आपला हात म्हणेल, त्याची आज्ञा मी मानीन."

राजवाड्याच्या पिंपळावर हत्तीच्या पिल्लाएवढा धनेश पक्षी राहत असे. तो म्हणाला, "बस पाठीवर. माझी बायको अंडी घालायला ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तेव्हा तिला कोण भरवणार हे आमचे आधी ठरलेले असते. तुम्हा माणसांचे मला नवलच वाटते."

तळ्यावर मगर होती. "पाणी नेशील, पण तुझे शब्द त्याच्या तोंडात घालणार नाहीस ना?" शशिरेखेने वचन दिले. मगरीने पाणी दिले.

ताडाच्या झाडाने विचारले, "बाप मेला तर तुला काय मिळेल?"

खोटे बोलावेसे तिला फार वाटले. "गादी," ती म्हणाली. झाडाने पान टाकले.

साक्षीदार काही मिळेना. ज्याला विचारावे त्याला राजाकडून काही ना काही यायचे होते. शेवटी वेशीबाहेर म्हाळसा कुंभारीण भेटली. तिची मातीची खाण राजाने हत्तींना डुंबायला घेतली होती.

"जगला तरी खाण न्हाई, मेला तरी न्हाई," म्हाळसा म्हणाली. "पर जित्या माणसाला उपाशी ठेवत्यात व्हय? चल, येते."

सातव्या दिवशी भर दरबारात शशिरेखेने राजाच्या ओठांना पाणी लावले. राजा बोलला, "माझा मुकुट वाकडा झाला आहे."

"तात, एक घटका आहे. तुमचा हात कोण, ते सांगा."

"अशुभ बोलू नकोस! मला काय धाड भरली आहे?"

बलाहक गालात हसला. राजा मुकुटाविषयी बोलत राहिला, चवरी ढाळणाऱ्यावर रागावला, अर्धी घटका गेली. शशिरेखेच्या जिभेवर तिचे स्वतःचे नाव आले होते. ते तिने गिळले, पण राग गिळवेना.

"पुतळ्याची उंची सांगायला तुम्हाला वेळ होता!" ती ओरडली. "आणि तुम्हाला भरवायचे कुणी, हे सांगताना तुमचा मान जातो? ही माणसे तुमच्या नावाने तुम्हालाच उपाशी मारत आहेत!"

म्हाळसा पुढे झाली. "राजा, सात दीस तुझं तोंड कोन पुसतंय, ते तरी बघ."

राजाने खाली पाहिले. त्याला आपले दगडी हात दिसले आणि लेकीच्या पदरावरचे पेजेचे डाग दिसले.

"मी पडलो आहे," वज्रसेन म्हणाला. "माझी लेक माझा हात आहे. वैद्य बोलवा. मला खिडकीजवळ ठेवा. आणि वैद्यांचेही काही चालेनासे झाले, तर मला ओढूनताणून ठेवू नका. तेव्हा ती सांगेल तसे करा."

पानावर अक्षर न् अक्षर उमटले. म्हाळसेने अंगठा उठवला. घटका सरली, राजा पुन्हा मुका झाला, पण शंखफणीने फणा खाली करून दार उघडले. मध ओठांना लागताच दगड विरघळला आणि मोडलेला मंत्र ज्याचा होता त्याच्यावर उलटला. बलाहक उभ्या जागी मानेपर्यंत दगड झाला.

राजाने म्हाळसेची खाण परत दिली, वैकुंठपट वितळवला आणि दवंडी पिटली की जाणत्या वयाच्या प्रत्येकाने आपला हात कोण ते शुद्धीत असताना सांगून ठेवावे. पहिले पान शशिरेखेने लिहिले. राज्य ताळ्यावर आले.

दरबारी म्हणाले, "बलाहकाला नदीत टाकू."

"तो जिवंत आहे," शशिरेखा म्हणाली. "त्याला दोन वेळा भरवा."

तसे रोज भरवत. घास गिळून झाला की बलाहक डोळे मोठे करून काहीतरी मागत राही. दार उघडून बघितले, पांघरूण घालून बघितले, काढून बघितले. त्याला काय हवे होते, हे सांगणारे या जगात कुणी नव्हते.